पक्षिनिरीक्षणाच्या फेऱ्या: बारा माणसे, एक वाट, एक यादी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी झाली की सोलापुरात पक्षिनिरीक्षणाच्या फेऱ्यांचे निरोप फिरू लागतात. राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवून दिला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस (१९३२, जन्मगाव आपले सोलापूरच) आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा (१८९६). या आठ दिवसांत उत्साहाला तोटा नसतो. फलक येतो, टोप्या येतात, पन्नास-साठ जणांचा घोळका बागेतून फिरतो, सगळ्यांचा मिळून एक फोटो होतो आणि शेवटी पोहे. दिसलेल्या पक्ष्यांची यादी मात्र कावळा, घार, साळुंकी, बगळा यांच्यापुढे फारशी सरकत नाही. नंतर वर्षभर सामसूम. गंमत अशी की हिवाळी पाहुण्यांचा खरा भर सप्ताह संपल्यानंतरच येतो आणि पुढे फेब्रुवारीपर्यंत टिकतो.

वर्षातून एकदा साठ जणांची फेरी काढण्यापेक्षा दर पंधरवड्याला, त्याच बागेत, त्याच वाटेने दहा-बारा जणांची फेरी काढावी आणि प्रत्येक फेरीची एकच नीट यादी ठेवावी, असे आमचे म्हणणे आहे. ज्यांना यंदा अशी फेरी सुरू करायची आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर पत्र.

आधी जागेबद्दल. पक्षी म्हटले की आपल्याकडे गाड्या नान्नजला किंवा उजनीच्या काठाला वळतात. दोन्ही ठिकाणे मोठी, पण नवशिक्यांच्या पहिल्या फेरीसाठी दोन्ही गैरसोयीची. नान्नज हे माळढोकसाठी राखलेले अभयारण्य. तिथे परवानगी लागते, माळढोक दिसणे आता अतिशय दुर्मीळ झाले आहे, आणि जमिनीवर राहणाऱ्या धाविक, पखुर्डी, चंडोल अशा पक्ष्यांच्या माळावर घोळक्याने चालणे हेच मुळात चुकीचे. उजनीच्या फुगवट्यावर रोहित दिसतात, पण बरेचदा लांबून; जाण्या-येण्यात अर्धा दिवस जातो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा कोणी जात नाही. शहरात मात्र सिद्धेश्वर तलाव आणि किल्ल्याचा परिसर, विजापूर रस्त्याकडचे संभाजी तलाव, स्मृती उद्यान, सिद्धेश्वर वनविहार आणि थोडे बाहेर, तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव, एवढे सगळे हाताशी आहे. हुतात्मा बागेसारखी चौकातली बागसुद्धा टाकाऊ नाही. लाल छातीची माशीमार किंवा हिरवट वटवट्या यांना चार जुनी झाडे पुरतात. भोवतीच्या रिक्षांशी त्यांचे काही देणेघेणे नसते.

वेळ. सोलापुरात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, डिसेंबरअखेर सातला थोडी कमी असताना आणि जानेवारीच्या मध्यावर सातला. सूर्योदयाच्या वेळी सगळे फाटकाशी हजर हवेत. साडेसहाची वेळ देऊन सव्वासातला निघणारी फेरी अर्धी वाया गेलेली असते. आपली थंडी ती किती! पहाटे पारा चौदा-पंधरावर असतो आणि दहा वाजता स्वेटर कमरेला बांधायची वेळ येते. त्यामुळे झाडांवरच्या लहान पक्ष्यांची धांदल सात ते नऊ एवढीच. त्यातही पहिली वीस मिनिटे वाटेवर घाई करू नये. पूर्वेकडे तोंड असलेल्या ज्या शेंड्यांवर पहिले ऊन पडते तिथे वेडे राघू, बुलबुल, शिंजीर, पोपट, भोरड्या पिसे फुगवून उन्हाला बसतात. नवख्या माणसाला दुर्बिणीत पक्षी धरण्याचा सराव करायला याहून सोपी संधी नाही, कारण ते हलत नाहीत. किडे-माश्या उडू लागल्या की सगळे पांगतात. शिकारी पक्ष्यांचे उलटे: जमीन तापून हवा वर चढू लागली की, म्हणजे साडेनऊनंतर, घारींच्या गर्दीत एखादा भोवत्या किंवा गरुड घिरट्या घालताना सापडतो. म्हणून नऊनंतर नजर झाडांवरून आभाळाकडे न्यावी.

एका जाणकारामागे दहा-बारा माणसे, त्याहून जास्त नकोत. याचे कारण शिस्त नव्हे, जागा. पायवाटेवर बारा माणसे एकामागे एक उभी राहिली की शेवटचा माणूस पहिल्यापासून आठ-दहा मीटरवर असतो. पुढच्याला दिसलेला पक्षी मागचा तिथे पोचेपर्यंत उडालेला असतो. तीस जण आले तर तीन तुकड्या करून त्यांना वेगवेगळ्या वाटांनी पाठवावे. एकाच वाटेने दहा मिनिटांच्या अंतराने सोडले तर दुसऱ्या तुकडीला उठवलेली बाग मिळते. तुकडीच्या पुढे एक आणि शेवटी एक जाणता माणूस हवा. मागच्याचे काम मागे वळून पाहण्याचे, कारण माणसे पुढे गेल्यावर वाटेवर उतरणारे पक्षी त्यालाच दिसतात. कपडे खाकी, मातकट, फिके हिरवे. पांढरा शर्ट आणि चकाकणारे जाकीट नको. सळसळणारी प्लॅस्टिकची पिशवीही नको.

चालण्याचा वेग दोन तासांत दीड किलोमीटर, फार तर दोन. सकाळच्या व्यायामाला येणाऱ्यांना हे संथ वाटते आणि ते पुढे निघून जातात. त्यांना आधीच सांगावे की व्यायाम आधी किंवा नंतर. दर पन्नास-साठ पावलांवर दोन मिनिटे थांबायचे, बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. पानगळीत खुसफुस, करकर असा कोरडा आवाज, शेपटीची हालचाल, यांतून पक्षी सापडतो. आणि एका झाडावर तीन-चार जातींचे लहान पक्षी एकत्र दिसले, चष्मेवाले, सुभग, शिंपी, नाचण, निखार, तर तिथून मुळीच हलू नये. हा मिश्र थवा खात-खात सरकतो आणि त्याच्या शेवटी बहुधा एखादा हिवाळी पाहुणा असतो.

तलावावर उन्हाची बाजू सांभाळणे हे निम्मे काम. ऊन समोरून आले की सगळी बदके काळी दिसतात. भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेला सिद्धेश्वर तलाव आहे. म्हणजे किल्ल्याच्या बाजूने सकाळी पाहिले की सूर्य थेट डोळ्यात. सकाळी समोरच्या, पूर्वेच्या काठावर उभे राहावे, ऊन पाठीवर घ्यावे. किल्ल्याची बाजू संध्याकाळसाठी. संभाजी तलावावर आणि हिप्परग्यालाही हाच नियम लावून वाट आखावी. आणखी एक गोष्ट: नऊच्या पुढे पाण्यावरची हवा थरथरते. मग स्पॉटिंग स्कोपचे (तिकाटण्यावरच्या एकनळी मोठ्या दुर्बिणीचे) वीसपटीवरून साठपटीवर चाक फिरवले तरी पक्षी मोठा न दिसता नुसता हलताना दिसतो. लांबची बदके आधी मोजून घ्यावीत, काठावरचे तुतवार आणि धोबी नंतर.

दुर्बिणीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वाधिक पैसे आणि सर्वाधिक निराशा इथेच. दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेले असते. ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो. ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात, म्हणजे डोळ्यात सव्वापाच मिलिमीटर रुंद उजेडाचा झोत शिरतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये तो अडीच मिलिमीटरच असतो. दुपारी फरक कळत नाही, पण पहाटेच्या उजेडात झुडपातला पक्षी अशा दुर्बिणीत नुसता काळा ठिपका होतो. दहापटीत हाताचा कंपही दहापट वाढतो आणि दिसणारे वर्तुळ लहान होते, म्हणून नवख्या माणसाला झाडातला पक्षी धरता येत नाही. बागेसाठी ८×४२ घ्यावी. हलकी हवी तर ८×३२. दहापटीची दुर्बीण तलाव आणि माळ यांसाठी ठीक. १०-३० असा पल्ला लिहिलेल्या झूमच्या स्वस्त दुर्बिणी घेऊच नयेत: वाढवलेल्या पटीला चित्र अंधुक होते आणि दोन नळ्यांची चित्रे एकमेकांवर बसत नाहीत, दहा मिनिटांत डोके दुखते.

आहे ती दुर्बीणही बहुतेकांनी जुळवलेली नसते. फेरीआधी फाटकापाशी पाच मिनिटे यासाठी द्यावीत. दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ करायचे. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबायचे, नसेल तर बाहेर काढायचे; कडेला काळ्या सावल्या येतात त्या याच चुकीने. मग उजवे पुढचे भिंग तळव्याने झाकून, डाव्या डोळ्याने वीस-पंचवीस मीटरवरची एखादी पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करायची. आता डावे भिंग झाकायचे आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करायची. कडीवरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवायचे. त्यानंतर दिवसभर फक्त मधले चाक. एक दुर्बीण तिघांत फिरत असेल तर प्रत्येकाची खूण वेगळी असणार, ती दर वेळी बदलावी लागते. हे न केल्यामुळेच ‘मला काही दिसत नाही’ म्हणत लोक दुर्बीण परत देतात आणि पुढच्या फेरीला येत नाहीत.

पक्षी दुर्बिणीत शोधायचा नसतो. तो उघड्या डोळ्यांनी शोधायचा, नजर त्याच्यावर खिळवून ठेवायची आणि मान न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. खाली पाहून दुर्बीण उचलली की पक्षी हरवलाच.

बाराजणांना एक पक्षी दाखवणे ही वेगळी कला. ‘तो बघा, तिथे, हिरव्या पानांत’ याचा उपयोग शून्य. हात लांब करून बोट दाखवणे तर पक्षी उडवण्याचा खात्रीचा उपाय. आधी झाड सांगावे: दिव्याच्या खांबाच्या डावीकडचा दुसरा कडुनिंब. मग झाडाला घड्याळ समजून काटा सांगावा: दोन वाजता, कडेपासून हातभर आत, वाळक्या फांदीवर. पाण्यावर एखादी न हलणारी खूण धरावी, बुडालेले खोड, मंदिराचा कोपरा, नावेचा दोर, आणि तिथून डावे-उजवे मोजावे. मोठी भिंगे लावलेले कॅमेरेवाले तुकडीत असतील तर नियम एकच: आधी सगळ्यांनी पाहायचे, मग कॅमेऱ्याने पुढे सरकायचे. पहिल्याच क्षणाला तीन पावले पुढे जाणारा एक जण अकरा जणांची सकाळ खातो.

आता पक्ष्यांकडे. हिवाळ्यात बागेत काय शोधायचे आणि कशात गल्लत होते?

लाल छातीची माशीमार चिमणीहून लहान, मातकट रंगाची. लाल गळा फक्त प्रौढ नराला. आपल्याकडे दिसणारे बरेच पक्षी माद्या किंवा पहिल्या वर्षाचे असतात, म्हणून ‘लाल’ शोधत बसले की ती निसटते. खूण शेपटीत आहे: शेपटी सारखी वर उचलते आणि तेव्हा बुडाशी दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे दिसतात. आवाज खडखडता, बारीक. थिरथिरा जमिनीजवळ असतो, भिंतीच्या कडेवर, दगडावर. नर काळा, पोट तांबूस, मादी भुरकट, पण दोघांचीही विटकरी शेपटी सारखी थरथरते. किल्ल्याचे पडके बुरूज आणि वनविहारातले दगड ही त्याची जागा.

वटवटे हे नवशिक्यांचे दुखणे. सगळे सारखेच दिसतात असे म्हणून लोक ते यादीतून गाळतात. निदान दोन वेगळे काढता येतात. झुडपाच्या आत, कमरेच्या खाली, तपकिरी, अंगावर कसलीच खूण नाही आणि दगडावर दगड आपटावा तसा ‘चक्, चक्’ आवाज, तो ब्लाइथचा बोरू वटवट्या. झाडाच्या शेंड्याकडे, हिरवट, डोळ्यावर स्पष्ट फिकी भुवई, पंखावर एक बारीक फिकी रेघ आणि आवाज गोड, दोन तुकड्यांचा, तो हिरवट वटवट्या. पहिला दिसण्याआधी ऐकू येतो, म्हणून त्याच्यासाठी मेंदीचे कुंपण आणि घाणेरीची जाळी यांपाशी थांबून कान द्यावा.

धोब्यांत कायम घोळ होतो. बारमाही राहणारा मोठा कवड्या धोबी पाठ, डोके, गळा या सगळ्यात काळा. फक्त भुवई जाड पांढरी. हिवाळ्यात येणाऱ्या पांढऱ्या धोब्याचा चेहरा पांढरा आणि पाठ बहुधा राखी. पोट पिवळे असेल तर पिवळा धोबी की करडा धोबी, हे पाय आणि शेपटी पाहून ठरवावे: करड्याचे पाय फिकट आणि शेपटी फार लांब, पिवळ्याचे पाय काळे आणि शेपटी आखूड. नोव्हेंबरात पिवळ्या धोब्यांची पहिल्या वर्षाची पिल्ले तर जवळजवळ पांढरीच असतात. त्यांना नाव देण्याची घाई करू नये, यादीत नुसते ‘धोबी’ लिहिले तरी चालते.

तलावावर वारकरी आणि पाणकोंबडी. वारकरी पूर्ण काळा, चोच आणि कपाळावरची ढाल दोन्ही पांढऱ्या; पाणकोंबडीची ढाल लाल, चोचीचे टोक पिवळे आणि कुशीवर पांढरी रेघ. टिबुकलीला बदकाचे पिल्लू म्हणणे ही दर फेरीत होणारी चूक. हिवाळ्यात तिचा गळ्याचा तांबूस रंग उतरलेला असतो, पण बुडी मारून ती भलतीकडे वर येते आणि शेपटी जवळजवळ नसतेच.

बदके नोव्हेंबरात ओळखायला बसू नये, हा आमचा अगदी मनापासूनचा सल्ला. प्रजननानंतर नर मादीसारखा तपकिरी पिसारा घेतात आणि आपल्याकडे येतात तेव्हा बरेचसे त्याच वेषात असतात. डिसेंबरच्या मध्यापासून पिसारा उजळतो आणि मग थापट्याचे हिरवे डोके, तलवार बदकाची टोकदार शेपटी लांबूनही दिसते. तोपर्यंत चोचीवर जावे. थापट्याची चोच टोकाकडे पसरट आणि डोक्यापेक्षा लांब. तलवार बदकाची चोच राखी, मान लांब व बारीक. हळदीकुंकू बदकाची चोच काळी, टोक पिवळे, बुडाशी नराला लाल ठिपका. हे बदक इथलेच, बारमाही. चक्रवाक नारिंगी-तांबूस, त्याला तर भिंगही लागत नाही.

भोरड्यांसाठी संध्याकाळची एखादी वेगळी फेरी काढावी. मध्य आशियातून या ऑगस्टअखेर येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. दिवसभर ज्वारीच्या रानात. कणसे दुधात आली, हुरड्याचे दिवस आले की शेतकऱ्यांच्या गोफणी त्यांच्यामागे लागतात, त्यांचाही नाइलाज असतो. याच भोरड्या टोळ आणि अळ्याही मोठ्या प्रमाणात खातात, हे सोबत सांगावे. काटेसावर फुलली की मधासाठी त्या शहरातल्या झाडांवरही येतात. सूर्यास्ताआधी पाऊण तास एखाद्या मोकळ्या जागी उभे राहून थवे कुठल्या दिशेने येतात आणि कुठे उतरतात ते टिपावे. मुक्कामाची झाडे कळली तरी खाली जाऊन टॉर्च मारू नये.

अशा थव्यांची मोजणी अंदाजाने पाच हजार, दहा हजार अशी लिहिण्यात अर्थ नाही. थव्याच्या कडेला दहा पक्षी नेमके मोजावेत, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यात धरावी, तिच्यावरून शंभराचा ठोकळा करावा आणि असे किती ठोकळे बसतात ते पाहावे. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावे. आकड्यांत दुपटीचा फरक आला तर पुन्हा. मोठ्या थव्यात माणूस सहसा कमीच मोजतो, हेही ध्यानात ठेवावे.

यादीशिवाय फेरी म्हणजे सहल. लेखनिक एकच असावा. पक्षी दाखवणाऱ्याने लिहायला बसू नये. कागदावर तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, चाललेले अंतर, माणसांची संख्या आणि दिसलेला प्रत्येक पक्षी आकड्यासह, कावळे आणि पारव्यांसकट. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरताना इथेच घोटाळे होतात. बारा जणांनी बारा स्वतंत्र याद्या चढवल्या की एकच चक्रवाक बारा ठिकाणी दिसतो. यादी एकाने भरून बाकीच्यांना तिथूनच वाटावी. सिद्धेश्वर आणि संभाजी या दोन तलावांची मिळून एक यादी करू नये, दोन जागा म्हणजे दोन याद्या. ‘तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदले आहेत का’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. फक्त विशेष पक्षी लिहून ‘होय’ म्हटले तर पुढे कोणी साळुंक्या घटल्या का हे तपासायला गेला की ती यादी त्याला फसवते. मर्लिन अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवते, पण ती सूचना आहे, नोंद नव्हे. आपला कोतवाल पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि अ‍ॅपही फसते. पक्षी दिसला किंवा आवाजाची स्वतःला खात्री असली तरच लिहावे.

एकाच वाटेने फिरण्याचे मोल इथे कळते. तीन हिवाळे त्याच वाटेच्या याद्या जमल्या की माशीमार कधी येते, थिरथिरा कधी जातो, कुठल्या वर्षी तलावावर बदके उतरलीच नाहीत हे सांगता येते. ‘दिसला नाही’ ही सुद्धा मग नोंद ठरते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते (भारतात १९८७ पासून), फेब्रुवारीच्या मध्यावर शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरची पक्षिमोजणी. तिथे पंधरा मिनिटांची यादीही चालते. नियमित फेरीच्या तारखा या दोन्हींशी जुळवून घ्याव्यात. फक्त एक अडचण आपल्या गावाची: गणनेचे दिवस आणि सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा एकाच सुमारास येतात. त्या आठवड्यात सिद्धेश्वर तलावाभोवती माणसांचा पूर, दिवे आणि शोभेचे दारूकाम. तिथली मोजणी त्या दिवसांत करून उपयोग नाही. ती यात्रेआधी उरकावी, आणि यात्रेच्या दिवसांत हिप्परगा व संभाजी तलाव घ्यावेत.

काही गोष्टी अजिबात करू नयेत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावणे सर्वांत वाईट: आपल्या हद्दीत दुसरा शिरला असे समजून तो खाणे सोडून धावत येतो, आणि बारा जणांची फेरी दर पंधरवड्याला तेच करू लागली तर तो जागा सोडतो. थंडीतच घारी घरटी बांधतात, पिंगळे ढोल्या धरतात. ती ठिकाणे यादीत लिहावीत, समाजमाध्यमांवर टाकू नयेत. पाव, शेव, फरसाण टाकून पक्षी जवळ आणू नयेत. कुत्र्यांना बिस्कीट सुरुवातीला तर मुळीच घालू नये. पूर्ण फेरीभर ती पुढे पळतात आणि वाटेवरचा प्रत्येक पक्षी उठवतात. किल्ल्याच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, उंच झाडे येथे आग्या मोहोळ असते, तेव्हा अत्तर-डिओ लावून येऊ नये आणि त्या झाडाखाली चहाची थर्मास उघडू नये. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ लांब पळावे, हात झाडत उभे राहू नये. पालापाचोळ्यात घोणस असते. पायवाट सोडू नये, सँडल घालून येऊ नये.

बागांची देखभाल करणाऱ्यांना चार विनंत्या. हिवाळ्याचे चार महिने कुंपणाच्या मेंदीची आणि झुडपांची मुळापर्यंत छाटणी नको. छाटायचेच तर एका वेळी एक बाजू. बोरू वटवट्या आणि शंकर (निळ्या गळ्याचा छोटा पक्षी) यांचा सगळा संसार जमिनीपासून तीन फुटांत असतो. पालापाचोळा जाळू नये, झाडांखाली पसरू द्यावा. त्यातले किडे हेच दयाळ आणि माशीमारांचे खाणे. सकाळी सातच्या आत ध्वनिक्षेपकावर गाणी नकोत. आणि तलावांचे सुशोभीकरण करताना सगळा काठ दगडी करू नये. जलपर्णी काढलीच पाहिजे, पण जिथे पाणी वीतभर खोल होत चिखलात मिसळते तो पट्टा राखावा. शेकाटे, तुतवार आणि धोबी तिथेच उभे राहतात, सरळ उतरणाऱ्या भिंतीशी ते थांबू शकत नाहीत. नायलॉन मांजाचे तुकडे फांद्यांवर लोंबतात तेही उतरवून घ्यावेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच त्यावर देशभर बंदी घातली आहे, पण झाडावर अडकलेला मांजा बंदीने खाली येत नाही. फेरीवाल्यांनी स्वतः एक लांब बांबू आणि आकडी नेली तर तेवढे काम तेही करू शकतात.

शेवटी फाटकाची वेळ. काही बागांची फाटके उजाडल्यावर बऱ्याच उशिरा उघडतात आणि रविवारी त्याहून उशिरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती सूर्योदयाआधी अर्धा तास उघडी मिळावीत, आणि फेरीची यादी लावायला फाटकापाशी दोन फूट बाय तीन फुटांचा एक फळा मिळावा. यादी भरून लावायची जबाबदारी फेरीवाल्यांची.

आपले,
सोलापुरातील काही पक्षिनिरीक्षक